आधी डिपर कुणी द्यायचा?

रात्री अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर आधी डिपर कुणी द्यायचा? डिपर देणं म्हणजे दिव्याचा झोत वरून खाली घेणं. ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगितलं. लायसनच्या परीक्षेत या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर आहे, दोघांनी. पण दोघांनी म्हणजे आधी कुणी, ते तिथं कुणी विचारत नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात ओतूर-आळेफाटा रस्त्याला रात्री आठनंतर लागा, म्हणजे कळेल. हा म्हणतो, त्यानं खाली घेतला की मी घेईन. तोही तेच म्हणत असतो. अन तोवर दोघं एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, डोळे चोळत.

या प्रश्नानं माझ्या डोक्यात घर केलं ते गाडीच्या कामामुळं. आमची बोलेरो २००४ सालची. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतली, पुढं पाच वर्षांनी परत एकदा. इंजिन अजून एका सेल्फला सुरू होतं. ती म्हातारी झाली ती माणूस होतो तशीच, कंबरेत आणि डोळ्यांत. मागचे पाटे बसले होते अन दिवे मिणमिणे झाले होते. नवी गाडी घेणं टोमॅटोच्या भावावर अवलंबून, आणि टोमॅटोच्या भावाचं काय सांगावं! म्हणून ठरवलं की दोन्ही कामं घरीच, गोठ्यापुढच्या कोब्यावर करायची. पुतण्यानं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स केलाय. हात त्याचे, हौस माझी.

पुतण्याची यादी मोठी होती. गाडी दोन इंच उचलून घ्यायची, रुंद टायर टाकायचे, टपावर एलईडीचा लांबलचक बार आणि हेडलाईटला १००/९० वॅटचे बल्ब. "तात्या, एकदा करून तर बघा, दिवसासारखं दिसंल." आमची आई ऐंशीच्या पुढं आहे. मागच्या सीटवर बसून ती दवाखान्यात जाते, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या खड्ड्याच्या गावच्या पुढाऱ्याचा उद्धार करते. ती खाटेवरून म्हणाली, "उजेडाचं मागनं बघा. आधी माझ्या बुडाखालचं नीट करा."

तेव्हा पाट्यांपासून सुरुवात झाली.

पाट्याचं काम ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला त्यातली गंमत कळायची नाही. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, खालची आखूड, वरची लांब, मधोमध एका बोल्टनं बांधलेल्या. भार आला की सगळ्या मिळून वाकतात, गेला की परत कमान धरतात. वीस वर्षांत आमच्या पाट्यांनी काय काय वाहिलं नाही! टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या, लग्नाला निघालेली अख्खी भावकी. कमान सपाट झाली होती. यू बोल्ट गंजून इतके धरले होते की दोन रात्री डिझेल पाजल्यावर हलले. एक गोष्ट कुणी घरी करणार असेल तर जरूर सांगेन: नुसत्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली जाऊ नका. चासीखाली लाकडाचे जाड ठोकळे द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मगच आत शिरा. जॅक घसरला तर सावरायला वेळ देत नाही.

दुसरी गोष्ट पुतण्यानं शिकवली. नवीन रबरी बुश बसवले की त्यांचे नट गाडी अधांतरी असताना गच्च आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर घ्यायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग आवळायचे. वर असताना आवळले तर खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मला हे फार आवडलं. जोखीम पडल्यावर कोण कुठं बसतो ते बघून मग त्याला पक्कं करायचं. सोयरीक जुळवतानाही एवढी अक्कल कुणी वापरत नाही.

पाटा जादा टाकायचा का, यावर एक दिवस वाद झाला. इकडं रिवाज आहे, माल वाहायचा तर एक पाटा वाढवून घ्यायचा. त्यानं भार पेलतो, पण रिकामी गाडी मग घोड्यासारखी उडते. क्रेट वर्षातले साठ-सत्तर दिवस, आई बाराही महिने. मोजून पूर्वीइतकेच पाटे टाकले, शॉकअप नवे घातले. गाडी उचलली नाही. कंपनीनं जशी घडवली त्यात आपल्या मनानं फेरफार करायला मोटार वाहन कायदाही मनाई करतो, पण खरं सांगायचं तर कायद्याच्या आधी आईचं पाऊल आडवं आलं. आहे त्याच पायरीवर तिला हात धरून चढवावं लागतं.

आता दिवे. इथं पुतण्याचं आणि माझं खरं जुंपलं.

साध्या हेडलाईटमध्ये ६०/५५ वॅटचा बल्ब असतो, साठ वरच्या झोताला आणि पंचावन्न खालच्या. पुतण्याला शंभर-नव्वद पाहिजे होता. मी म्हटलं, आधी आहे तो उजेड जातो कुठं ते तर बघू. मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट आणि बल्बच्या पायाशी साडेअकरा. मधले सव्वादोन व्होल्ट जुन्या वायरींनी, जळक्या स्विचनी आणि गंजलेल्या अर्थनं खाल्ले होते. बल्बचं गणित असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. आमचा जवळजवळ निम्मा गेलेला. कॅनॉलच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. धरणातून पाणी सुटतं पुरेसं, पण चाऱ्या फुटक्या, दारं मोडकी, वर मोटारी टाकलेल्या. टेलला येतो तो ओलावा. अशा वेळी धरण मोठं करा म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

जाड वायर टाकली, दोन रिले बसवले, अर्थ घासून चासीला नीट आवळला, आणि त्याच ६०/५५ च्या बल्बचा उजेड बघून पुतण्या गप्प झाला. सगळा खर्च पाट्यांच्या एका यू बोल्टच्या जोडीला थोडा भारी पडला असेल. एलईडीचे बल्बही त्यानं आणून ठेवले होते. ते परत पाठवले. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा त्या बारीक तारेच्या जागेचा हिशेब धरून घडवलेला असतो. एलईडीत उजेडाची जागा तीच राहील याची खात्री नसते. मग झोत वाटेल तिकडं सांडतो. आपल्याला वाटतं उजेड वाढला. तो समोरच्याच्या डोळ्यांत वाढलेला असतो.

दिवे भिंतीवर लावून बघायचा दिवस आला तेव्हा पाट्यांची आणि दिव्यांची गाठ पडली. सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची, चाकांतली हवा सारखी करायची, दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर मारायची आणि खालच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या दोन-अडीच इंच खाली पडेल असे स्क्रू फिरवायचे. रेघ नातवानं मारली. सगळं मनासारखं बसलं. मग मी पुतण्याला म्हटलं, आता मागं पंचवीस क्रेट भर. भरले. मागून गाडी तीन इंच बसली आणि भिंतीवरची उजेडाची कड रेघ ओलांडून वर चढली.

मी दहावीपर्यंतच शिकलो, पण त्या वर्षी भूमितीत समरूप त्रिकोण होते ते अजून उपयोगी पडतात. दोन चाकांमधलं अंतर पावणेनऊ फूट. तेवढ्यात मागं तीन इंच उतार. म्हणजे पुढं त्याच्या दहापट अंतरावर, साडेसत्त्याऐंशी फुटांवर, झोत तीस इंच वर जातो. अडीच फूट! जो उजेड समोरच्याच्या गुडघ्यावर पडायचा तो छातीच्या वर, मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. मी आत बसून खालचाच झोत लावलाय. काडी खाली आहे, डॅशबोर्डवरचा निळा दिवा बंद आहे, नियमानं वागतोय अशी माझी पूर्ण खात्री आहे. आणि समोरचा मला शिव्या देतोय.

माझ्या गाडीचा भार मी मागं घातला. तो पाट्यांनी पेलला, शॉकअपनी त्याचे धक्के गिळले, मला काही जाणवलं नाही. जाणवलं ते ज्याचा त्या क्रेटशी, त्या भावाशी, माझ्या घराशी काही संबंध नाही अशा माणसाला. गाडीची कंबर माझ्यासाठी मऊ करायची हा माझा प्रश्न होता; तिचा भार कुणाच्या डोळ्यांवर पडतो हा माझा आहे का? मला वाटतं आहे. आणि तो मला गाडीत बसून कधीच दिसणार नाही. उतरून, पंचवीस फूट चालत जाऊन, भिंतीशी उभं राहून मागं वळून बघावं लागतं. आम्ही तो झोत भरलेल्या गाडीच्या हिशेबानं खाली घेतला. रिकामी असताना थोडं जवळचं दिसतं, मग गाडी हळू चालवायची.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यात १०६ क्रमांकाचा नियम दिव्याच्या झोताबद्दल आहे. दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल अशा कुणाही माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली असला पाहिजे, असा त्याचा मतलब. या नियमाचं मला कौतुक वाटतं. त्यात ड्रायव्हर म्हटलेलं नाही, कुणीही माणूस म्हटलंय. दीड मीटर म्हणजे जवळपास पाच फूट. पाच फुटांवर कुणाचा डोळा असतो? रस्त्याच्या कडेनं चालत निघालेल्याचा. मोटारीचा कायदा लिहिणाऱ्यानं मोटार नसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची धरली.

आमच्या लहानपणी बैलगाडीखाली, आखाशी, कंदील टांगलेला असायचा. तो झुलत झुलत जायचा. त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला पुढचं काही दिसत नसे. वाट बैलांना ठाऊक होती, गाडीवान तर झोपलेला असायचा. कंदील होता तो दुसऱ्याला कळावं म्हणून, की बाबा, इथं गाडी आहे. आता दिवा म्हणजे मला दिसावं म्हणून, एवढंच डोक्यात राहिलंय. कंदिलाच्या काळात सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तो विझला की संपलं, आणि कित्येक गाड्या तशाच अंधारात जायच्या. ट्रकच्या दिव्यांवर वरच्या भागात काळा रंग लावलेलाही मी पाहिलाय. दिसायला बेंगरूळ, पण हेतू तोच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शिवाराशेजारी एक तरुण, मोटारसायकलवर बायकोला घेऊन येत होता. कारखान्याचा हंगाम जोरात. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना रेडियम. समोरून मोठे दिवे लावून एक गाडी आली आणि निघून गेली. पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याला काहीच दिसलं नाही, आणि तो ट्रॉलीवर गेला. बायको वाचली नाही. तो वाचला, एक हात गेला. पंचनाम्यात ट्रॉली आहे, तिला दिवा नव्हता हे आहे, मोटारसायकल किती फूट घसरत गेली हे आहे. समोरून आलेल्या गाडीबद्दल एक अक्षर नाही, कारण ती तिथं नव्हतीच. टक्कर तिच्याशी झाली नव्हती. त्या गाडीतला माणूस घरी जाऊन जेवला असेल, पोरांशी बोलला असेल, शांत झोपला असेल. आजही त्याला ठाऊक नाही. कदाचित हे वाचणाऱ्यांत तो असेल आणि हळहळेलही.

या माणसाला दोष द्यावा का? ट्रॉली उभी करणाऱ्यानं दिवा लावला नाही, हा दोष सरळ दिसतो. पण याला तर आपण काय केलं हे कळलंसुद्धा नाही. आमच्याकडं म्हणतात, अजाणता घडलं त्याचं पाप नाही. मी बराच विचार केला. मला वाटतं, न कळणं दोन प्रकारचं असतं. एक, कळायचा मार्गच नव्हता. दुसरं, कळायचा मार्ग होता, पण तो आपल्या सोयीचा नव्हता. झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं, कारण रोज रात्री दुसऱ्याचा झोत त्याच्या डोळ्यांत जातो आणि तो शिव्या देतो. स्वतःच्या डोळ्यांनी शिकलेली गोष्ट आहे ती. अजाणता कशी म्हणायची?

पुतण्याचं म्हणणं मी खोटं मानत नाही. तो म्हणतो, "तात्या, सगळ्यांनी वाढवलेत. आपण एकट्यानंच मिणमिणते ठेवले तर आपणच खड्ड्यात जाऊ. शिवाय बिबट्या." बिबट्याचं खरं आहे. आमच्या तालुक्यात उसातच त्याची पिल्लं होतात, माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे. शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीनं येते. रात्रपाळी असली की मोटार चालू करायला अंधारात जावं लागतं. तिथं मोठा उजेड चैन नाही. शेतवाटेवर समोर कुणी माणूस नसताना लाव की लागेल तेवढा.

पण 'सगळ्यांनी वाढवलेत' हे मला बांध कोरण्यासारखं वाटतं. त्यानं एक तास आत घेतलं म्हणून यानं एक तास घ्यायचं. पाच-सात वर्षांत बांध राहत नाही आणि पहिल्या वळवाला दोघांचीही माती ओढ्याला जाते. समोरच्याचे मोठे म्हणून माझे मोठे, माझे मोठे म्हणून त्याचे आणखी मोठे; शेवटी दोघांनाही पूर्वीपेक्षा कमीच दिसतं, बल्ब विकणाऱ्याचं तेवढं भलं होतं. आणि ज्यांना या शर्यतीत उतरताच येत नाही, सायकलवाला, उसाची बैलगाडी हाकणारा तोडकरी, पायी निघालेल्या बाया, ते दोन्हीकडून मरतात.

तर आधी कुणी? मी हिशेब असा मांडला. दोन्ही गाड्या तासाला साठच्या वेगानं येतायत. मधलं अंतर दर सेकंदाला तेहेतीस मीटरनं तुटतंय, शंभर फुटांच्या वर. दोघांनी मोठे ठेवले तर दोघंही आंधळे. मी खाली घेतला आणि त्यानं नाही घेतला, तर मी आंधळा, पण त्याला दिसतंय. त्याला मी दिसतोय, रस्त्याची कड दिसतेय, मधला सायकलवाला दिसतोय. मी मोठे लावून त्याला आंधळं केलं तर माझ्यावर येणारी ती दीड-दोन टनांची गाडी आंधळी झाली. यात माझा फायदा कुठं आला? त्या चार सेकंदांत माझा जीव त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर आहे. त्याचे डोळे शाबूत ठेवणं हे माझंच काम झालं, तो भला असो की बुरा. त्यानं आधी द्यावा म्हणून थांबणं म्हणजे तेवढा वेळ त्याला आंधळं ठेवणं. म्हणून आधी मी. आणि वेग कमी करून, डाव्या कडेला नजर ठेवून.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे जो शहाणा त्यानंच सोसायचं." यावर माझ्याकडं चोख उत्तर नाही. थोडं सोसावं लागतं हे खरं आहे. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. समोरच्या झोतानंतर डोळा जागेवर यायला आता पूर्वीपेक्षा वेळ लागतो. दहांतले चार जण तरी मी खाली घेतल्यावर खाली घेतात. सहा घेत नाहीत.

आमच्याच भागात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आकाशातून येणारा फार क्षीण आवाज म्हणा, लहरी म्हणा, ती टिपते. जवळपासच्या यंत्रांची खरखर त्यात मिसळली की तो बुडतो, म्हणून आसपास कुठले कारखाने यावेत यावर बंधनं आहेत. लोक कुरकुरतात, रोजगार गेला म्हणतात, त्यातही तथ्य आहे. पण एकाला नीट ऐकू यावं म्हणून बाकीच्यांनी थोडं गप्प बसायचं, हे निदान तिथं कुणीतरी लिहून ठरवलं. डोळ्यांच्या बाबतीत नियम आहे आणि पाळणारा नाही.

टपावरचा बार पुतण्यानं शेवटी लावलाच, तरण्या पोराला किती नाही म्हणायचं! पण जोडणी अशी केली की त्याच्या रिलेला हुकूम वरच्या झोताच्या तारेतून जातो. काडी खाली ओढली की बार आपोआप विझतो. वेगळं बटण ठेवलं असतं तर ते त्याच्या लक्षात राहण्यावर गेलं असतं, आणि एकविसाव्या वर्षी पोरांच्या लक्षात काय राहतं हे मला माहीत आहे. ही युक्ती त्याचीच, माझी नाही. गावातल्या तिघांनी येऊन तशीच जोडणी करून घेतली. भिंतीवरची खडूची रेघ आम्ही पुढं ऑइलपेंटनं पक्की केली, आता कुणाकुणाच्या गाड्या संध्याकाळी तिच्यापुढं उभ्या राहतात. आईला त्याचा त्रास होतो. खाटेवर उजेड येतो म्हणते.

रेडियमचे लाल पट्टे आणून ठेवलेत. तोडकऱ्यांच्या गाड्या आल्या की मागं चिकटवायचे, बैलांच्या शिंगांनाही एकेक. गेल्या वर्षी निम्मे पट्टे महिन्याभरात धुळीनं झाकले गेले, तेव्हा यंदा फडकंही द्यावं लागेल. कारखान्याची मोळी पडायला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात गाडीच्या डाव्या शॉकअपचा वरचा बुश बदलायचाय, थोडा वाजतोय.